पंख्याखालचा उघडा खंड

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारी माणसं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आमच्या मूर्तिजापुरात एक चिंच आहे. तिच्याखालून म्हणे तिन्हीसांजेला कुणी जात नाही. आणि त्याच चिंचेखाली पत्ते कुटत बसलेली, एकमेकांना शिव्या घालणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय. शिवाय मी वकील आहे. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न मी नवऱ्यालाही विचारते. तेव्हा खाली जे लिहितेय ते वाचून कृपा करून कुणी मला ताईत, गंडा सुचवू नये... ते सगळं अम्मीचं तेव्हाच सुचवून झालंय.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. ते दिवस कसे होते हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. रोज पेपरात, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत, आमच्या जिल्ह्यांची नावं यायची. दिल्ली-मुंबईचे कॅमेरेवाले यायचे, एखाद्या घरासमोर उभे राहून हळू आवाजात बोलायचे आणि ढाब्यावर जेवून परत जायचे. माझ्या रहमान मामूंच्या दारात मात्र कुणी आलं नाही. कारण रहमान मामू जिवंत होते.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात त्यांची काळी जमीन. आम्ही मूर्तिजापुरातले, अब्बांचं गादी-रजईचं दुकान, शेतीशी संबंध एवढाच की कापूस तिथून यायचा. पण मामूंची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – तिफणीमागे चालत चाड्यात, म्हणजे तिच्यावरच्या लाकडी नरसाळ्यात, मुठीनं बियाणं सोडावं लागतं. बोटं थोडी जास्त उघडली की दाणे दाट पडतात, थोडी आवळली की ओळ रिकामी. मामूंच्या हातून दाणा कसा मोजून दिल्यासारखा पडायचा. पेरणीच्या दिवसांत गावातून बोलावणं यायचं. पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, मूठ रहमानभाईची... मग बाकीचं घरची माणसं पेरणार. कुणी काही द्यायचं नाही, मामूंनी मागायचं नाही. तो नुसता मान होता. ईदला नवे कपडे नसले तरी मामूंचं काही अडत नसे, पण मृगात बोलावणं आलं नाही तर त्यांना जेवण गेलं नसतं.

आणि एका वर्षी ते बोलावणं बंद झालं.

झालं असं, की मामूंनी सोयाबीनचं एका कंपनीचं नवं बियाणं आणलं. अर्ध्या वावरात ते पेरलं, अर्ध्यात घरचं. एकच दिवस, एकच ओल, एकच हात. घरचं तरारून आलं, कंपनीचं जमिनीतच कुजलं. तक्रार केली तेव्हा कंपनीचा माणूस आणि दोन-तीन साहेब पाहणीला आले, बांधावर उभे राहिले, चहा प्याले आणि कागदावर लिहून गेले – बियाण्यात दोष नाही, पेरणी खोल झाली.

पेरणी खोल झाली! रहमान मामूंची!

गावातले लोक वाईट नव्हते. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण पुढच्या मृगात ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या माणसालाच चाड्यावर उभं केलं. अशा वर्षांत कुणाला जोखीम नको असते, मला समजतं. मामूंना नाही समजलं. त्यांनी अकोल्याला ग्राहक मंचात केस टाकली.

“नुकसानभरपाई किती मागायची?” वकिलांनी विचारलं.

“काही नको मागू, साहेब. फकस्त कागदावर लिवून द्या म्हना, का रहमानले पेरता येते.”

वकील हसले. अशी मागणी फॉर्मात बसत नव्हती, म्हणून त्यांनी भरपाईच लिहिली. केस उभी राहिली आणि कंपनीच्या वकिलानं पहिलाच मुद्दा काढला – बियाणं दोषी होतं तर त्याचा नमुना प्रयोगशाळेत का नाही पाठवला? नमुना कुठे आहे?

मामू उभे राहिले. “नमुना कायचा? पुरं पेरलं. बियानं पेरासाठी आनते मानूस, का डब्बीत जपून ठेवासाठी?”

मंचातले साहेबसुद्धा गालात हसले म्हणे. पण हसून काय होतं? कायद्यात तपासणी लिहिली होती. त्यांनी तारीख दिली आणि सांगितलं, नमुना नसला तरी चालतो असा वरचा एखादा निवाडा असेल तर आणून दाखवा. अकोल्याच्या वकिलांनी ते काम माझ्यावर टाकलं, कारण मी अमरावतीला लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. “तुमच्या लायब्ररीत सगळे जुने खंड आहेत, शोध.” जशी काही मी भाजीबाजारात चाललेय.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. जुनी दगडी इमारत, लायब्ररी वरच्या मजल्यावर, उंच खिडक्या. एप्रिलमधली अमरावतीची दुपार कशी असते ते ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. अख्ख्या वाचनकक्षात एकच पंखा नीट फिरायचा, तो खिडकीजवळच्या टेबलावर. त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून एक जाडजूड खंड उघडा पडलेला होता.

आता इथला एक रिवाज सांगायला हवा. कोर्ट जवळच असल्यामुळे बारमधले जुने वकील आमच्याच लायब्ररीत यायचे. निवाडा सापडला की खंड तसाच उघडा ठेवून धावत कोर्टात जायचे, युक्तिवादाच्या मधल्या वेळात परत येऊन पुढचं वाचायचे. म्हणून टेबलावरचा उघडा खंड दुसऱ्या कुणी बंद करायचा नाही, हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण पाळायचे सगळे. आमचे ग्रंथपाल ढोरे सर नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी दम द्यायचे, “उघडा खंड म्हनजे त्याचा मानूस अजून कोर्टात उभा हाये. हात नाही लावाचा.”

मी नाही लावला. टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात माझे डायजेस्ट, म्हणजे निवाड्यांचे विषयवार सूचिग्रंथ, मांडून बसले.

आजच्या मुलांना हे कळायचं नाही. ती मोबाइलवर दोन शब्द टाकतात आणि निवाडा हजर. तेव्हा आधी डायजेस्ट काढायचं, त्यात विषय शोधायचा, विषयाखाली हेडनोट, म्हणजे निवाड्याचा दोन-चार ओळींचा सारांश, वाचायचा, सायटेशन, म्हणजे खंडाचा आणि पानाचा पत्ता, उतरवून घ्यायचं, मग शिडीवर चढून तो खंड काढायचा आणि उघडून बघायचं तर प्रकरण भलतंच. मी ‘बियाणे’ पाहिलं, ‘शेती’ पाहिलं, ‘ग्राहक’, ‘सदोष वस्तू’, ‘पुराव्याचा भार’, ‘तज्ज्ञाचं मत’... काही सोडलं नाही. कुकर, पंखे, विम्याचे दावे, एका बाईची बिघडलेली शिलाई मशीन – सगळ्या जगाला न्याय मिळालेला होता. बियाण्याचं नाव नाही. तारीख जवळ येत चालली होती आणि मामू दर रविवारी फोनवर विचारायचे, “भेटलं का पोरी?”

एक दिवस माझं डोकंच फिरलं. घामानं पानं बोटांना चिकटत होती. मी डायजेस्ट आपटलं आणि रागारागानं समोरच्या उघड्या खंडाकडे बघितलं. कोण हा शहाणा वकील, इतके दिवस पंख्याखालची जागा अडवून बसलाय? बघू तरी काय वाचतोय. हात न लावता, वाकून, मी ते पान वाचलं.

पान आमच्या केसचं होतं.

म्हणजे मामूंच्या नव्हे, पण जणू मामूंच्याच. दुसऱ्या राज्यातला शेतकरी, न उगवलेलं बियाणं, कंपनीचं तेच म्हणणं – नमुना कुठाय? आणि वरच्या मंचानं स्पष्ट म्हटलेलं होतं, की शेतकऱ्यानं बियाणं पेरायचं असतं, नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही. नमुना तपासून घ्यायचा तर कंपनीनं घ्यावा. मी उभ्या उभ्या टेबलावर थाप मारली. खरंच सांगते, आनंदानं. घाबरायचं तोवर काही कारणच नव्हतं.

डायजेस्टमधून तो का सापडत नव्हता तेही कळलं. निवाड्यात सुरुवातीला तक्रार मुदतीत आहे की नाही यावर लांबलचक चर्चा होती, आणि हेडनोट लिहिणाऱ्या महाभागानं तेवढंच वाचून ‘मुदत’ या विषयाखाली तो टाकून दिला होता. पुढचं बियाण्याचं त्यानं वाचलंच नाही. म्हणजे पान अन् पान वाचत गेल्याशिवाय हा निवाडा कुणाला सापडणं शक्य नव्हतं.

रिवाज मोडून मी खंड उचलला, खाली झेरॉक्स काढून आणली, आणि मग ओशाळून विचार केला की पान तर हललंच, आता उघडं ठेवण्यात अर्थ नाही. बंद करून शेल्फात त्याच्या जागी लावून टाकला. दुसऱ्या दिवशी गेले तर खंड टेबलावर, पंख्याखाली, त्याच पानावर उघडा. मी म्हटलं, वकीलसाहेब येऊन गेले वाटतं. पुन्हा बंद करून ठेवला. पुन्हा तेच.

“सर, हे वकील येतात तरी कधी? मी रोज असते, मला तर कुणी दिसलं नाही.”

ढोरे सर कार्डं लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. “दिसनार बी नाही. मोहोड वकिलाले जाऊन लय वर्षं झाले.”

“जाऊन म्हणजे?”

“जाऊन म्हनजे जाऊन. वारले.”

“मग खंड कोण उघडतं?”

“मले काहून पुसतं? मी बंद करू करू थकलो. आता नाही करत.”

हातातली कार्डं त्यांनी खाली ठेवली. मग जे सांगितलं ते तुटक तुटक, चिडल्यासारखं. मोहोड वकिलांकडे तिवशाकडच्या एका म्हाताऱ्या बाईची केस होती. बियाण्याचीच. नमुन्याचाच प्रश्न. डायजेस्टात काही सापडेना तेव्हा मोहोडांनी शेल्फातला एकेक खंड पहिल्या पानापासून वाचायला घेतला. सगळे वाचले. एक सोडून, कारण तो बाइंडिंगला गेला होता. पाठवला होता ढोरे सरांनीच, दर उन्हाळ्यात फाटके खंड पाठवायचे तसा. बाई केस हरली. आणि निकालानंतर तो खंड नवा पुठ्ठा लावून परत आला.

“मोहोडसाहेबानं उघडला, वाचला. काहीच बोलले नाही, बाप्पा. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. मंग रोज याचे, थेच पान उघडून बसाचे. अपिलाची मुदत गेली होती... बाईनं अपील कराले नाही म्हटलं होतं. त्याच पावसाळ्यात ते गेले.”

आता तुम्हाला वाटतंय तेच मलाही वाटलं. हे सगळं ढोरे सरच करतात. मनाला लागलंय बिचाऱ्याच्या, स्वतःच खंड उघडून ठेवतो आणि स्वतःच विसरतो. मी तसं तोंडावर म्हटलं नाही, पण त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी एका रिकाम्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्यापुढे टाकली. “घे. लॉची विद्यार्थी हायेस. प्रूफ पायजे ना तुले?”

हो, पाहिजे होतं. मी खंडाला सुतळी बांधली. गाठ अब्बांची. गुंडाळलेल्या गादीला अब्बा जी मारतात ती – एकदा ओढली की सुटत नाही, कापावीच लागते. आमच्या घरात आणि दुकानातल्या कारागिरांत सोडून ती कुणाला येत नाही. खंड कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली घेऊन हॉस्टेलवर गेले आणि निवांत झोपलेसुद्धा.

सकाळी लायब्ररी उघडायच्या आधीच मी दारात हजर होते. ढोरे सरांनी माझ्यासमोर दाराचं कुलूप काढलं. खंड पंख्याखाली होता. उघडा. तेच पान. कपाटाला कुलूप तसंच. मी माझ्या किल्लीनं ते उघडलं. आत सुतळी पडलेली होती, खंडाभोवती घट्ट बांधली होती तेवढ्याच आकाराची. गाठ शाबूत. कुठे कापलेली नाही. मध्ये काहीच नाही.

ढोरे सर माझ्याकडे पाहत होते. “दुसरी किल्ली नाही कपाटाची,” एवढंच म्हणाले. मी सुतळी उचलून पिशवीत टाकली.

तरी खरं सांगू? भीतीपेक्षा मला बरंच वाटलं. मोहोड वकील माझ्यासाठीच ते पान उघडं ठेवून वाट बघत होते, असं मी धरून चालले. कुणाला वाटणार नाही? निवाडा अकोल्याला पोचला, मंचानं मान्य केला, मामू केस जिंकले. मी निकाल वाचून दाखवायला त्यांच्या गावी गेले. मामू खाटेवर मांडी घालून ऐकत होते. नमुना राखण्याची गरज नाही, बियाणं सदोष मानण्यात येतं, कंपनीनं भरपाई द्यावी... मी वाचून संपवलं.

“त्यात लिवलं का, का मले पेरता येते?”

मी पुन्हा सगळं चाळलं. एका ठिकाणी होतं – वरील निष्कर्ष पाहता पेरणीच्या खोलीच्या मुद्द्यात जाण्याची आवश्यकता नाही. ते मी वाचलं. मामूंनी मान हलवली आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. मला त्या वाक्याचा आजही संताप येतो. आवश्यकता नाही म्हणे! एका माणसाला फक्त तेवढ्याचीच आवश्यकता होती.

अमरावतीला परत आले तेव्हा मी त्या टेबलाशी गेले. लायब्ररीत कुणी नव्हतं. “सर, कामी आलं,” असं म्हणून खंड बंद करून जागेवर लावला. वाटलं, आता सुटले असतील. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडा होता. तेव्हा मला कळलं, की ते माझ्यासाठी नव्हतंच. मी नुसती त्या टेबलावर पंख्याखाली बसले होते. मोहोड वकील अजून त्यांच्याच केसमध्ये उभे होते, त्याच म्हाताऱ्या बाईसाठी, आणि आमच्या जिंकण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. फार कडू वाटलं ते. एका निवाड्यानं दोन माणसांना जे द्यायचं ते दिलंच नाही.

परीक्षा झाली. जूनच्या तोंडावर मामू डोळे तपासायला अमरावतीला आले. म्हणाले, “थे पुस्तक दाखव मले.” मी मोहोडांबद्दल त्यांना सगळं सांगितलेलं होतं. ढोरे सरांनी अडवलं नाही. मामूंनी दाराबाहेर चपला काढल्या, नको म्हटलं तरी काढल्याच. उघड्या खंडासमोर बसले आणि विचारलं, कुठे लिहिलंय? मी ओळ दाखवली. इंग्रजी ओळ. मामूंना मराठी लिहिता-वाचताही सहीपुरतंच येत होतं. त्यांनी त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, सावकाश, पेरलेलं तास तपासावं तसं.

मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, “वकीलसाहेब, तुमी बरोबरच पेरलं होतं. उगवलं नाही, त्यात तुमचा कसूर नाही.”

पंखा फिरत होता. ढोरे सरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले. मी म्हटलं, “मामू, तुम्हीही बरोबरच पेरलं होतं.”

मामू हसले. “तू घरची हायेस पोरी. घरच्याचं कोन धरते?”

खंड तसाच उघडा ठेवून आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी मी गेले तर टेबल रिकामं. खंड शेल्फात आपल्या जागी, बंद. ढोरे सर म्हणाले, “मी नाही ठेवला. आईची आन.” त्यानंतर मी वकिली सुरू केली, कितीदा तरी त्या लायब्ररीत गेले, ढोरे सर निवृत्त होईपर्यंत त्यांना विचारत राहिले. तो खंड पुन्हा कधी उघडा सापडला नाही. सुतळी माझ्याकडे आहे. दोन-तीन जणांना दाखवली, अब्बांनाही दाखवली. अब्बांनी गाठ उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, गाठ माझीच आहे, सुटलेली नाही. कशी, ते त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा, फक्त ताईत नको.

त्या वर्षी पेरणीच्या वेळी मी मामूंकडेच होते. शेजारच्या वावरात तिफण चालू होती, चाड्यावर त्या घरचा धाकटा मुलगा. मामू बांधावर उभे राहून बघत होते. त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, आणि तिफणीच्या चालीबरोबर त्यांची मूठ थोडी उघडत होती, थोडी मिटत होती. तिकडून कुणी हाक मारली नाही. ओळ संपेपर्यंत मामू तिथेच उभे होते.